घाऊक मतं, किरकोळ मतं

14 ऑक्टोबर 1890 रोजी पुण्यातले काही प्रतिष्ठित गृहस्थ चहा प्यायले. एवढीच बातमी. पण त्या चहानं पुढची दोन वर्षं शहर ढवळून निघालं.

प्रसंग साधा होता. पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं आणि ते संपल्यावर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. मिशन ख्रिस्ती, म्हणजे चहाही ख्रिस्त्यांच्या हातचा. काहींनी तो घेतला, काहींनी कपाला नुसते ओठ लावले, काहींनी कप हातात घेऊन तसाच खाली ठेवला. मंडळींत महादेव गोविंद रानडे होते, गोपाळ कृष्ण गोखले होते आणि बाळ गंगाधर टिळकही होते. डॉक्टर आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांना लोकांना पेचात पकडायची भारी हौस. त्यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि गावात ग्रामण्य पेटलं.

ग्रामण्य म्हणजे काय, हे आज समजावून सांगावं लागतं. जातीतल्या लोकांनी एखाद्याला वाळीत टाकायचं, त्याच्या पंक्तीला बसायचं नाही, त्याच्या घरी श्राद्धाला किंवा मुंजीला भटजींनी पाऊल टाकायचं नाही, त्याच्या मुलींची स्थळं मोडायची. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि चौकशीला शास्त्री नेमले गेले. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं आणि शास्त्राच्या आधारानं आपली बाजू लढवली. रानड्यांना चहात पाप दिसत नव्हतं, तरी मित्रांच्या घरची कुचंबणा पाहून त्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतलं. सनातन्यांना ते पुरेसं वाटलं नाही आणि सुधारकांना ती शरणागती वाटली. नवऱ्याचा हा निर्णय गिळताना घरात काय झालं, ते रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत मोकळेपणानं लिहिलं आहे.

या गोष्टीतली खरी गंमत टिळकांच्या उपस्थितीत आहे. शाळेच्या पुस्तकात सुधारक एका बाकावर आणि सनातनी दुसऱ्या बाकावर बसवलेले असतात, आणि टिळक दुसऱ्या बाकावर. मग ते मिशनमध्ये चहा घेत काय करत होते? उत्तर असं की खरी माणसं त्या बाकांवर कधीच नीट बसलेली नव्हती. त्यांना तिथे बसवण्याचा आग्रह मात्र तेव्हाही होता आणि आजही आहे.

ध्रुवीकरण म्हणजे दोन गटांचं भांडण, असा एक समज आहे. भांडणं तर नेहमीच होतात. घातक गोष्ट वेगळीच असते. मतं सुटी मिळेनाशी होतात. एक घ्यायचं तर त्यासोबत अख्खं पोतं उचलावं लागतं. शेतकऱ्यांच्या मोर्चाबद्दल एखाद्याला काय वाटतं ते कळलं की देऊळ, आहार, सिनेमा, शेजारचा देश आणि हवामान यांबद्दल त्याला काय वाटतं हेही ऐकणारा आधीच सांगून टाकतो, आणि दहापैकी आठ वेळा बरोबर सांगतो. या विषयांचा एकमेकांशी तर्कानं काहीच संबंध नसतो. संबंध असतो तो दुकानाचा. माल घाऊक घेतला की भावात सूट मिळते. इथली सूट म्हणजे मित्र, टाळ्या आणि विचार करण्याच्या कष्टातून सुटका.

1880च्या दशकातल्या पुण्यात अशी दोन दुकानं होती. एकात मिळायचं: स्वराज्याचा अभिमान, सरकारवर टीका, धर्माचं रक्षण आणि समाजसुधारणेच्या कायद्यांना विरोध. दुसऱ्यात: स्त्रीशिक्षण, विधवाविवाह, संमतीवयाचा कायदा आणि सरकारशी सबुरीचं बोलणं. गोपाळ गणेश आगरकर दोन्ही दुकानांत गेले आणि दोन्हीकडून हवा तेवढाच माल घेऊन बाहेर पडले. त्यांच्या छोट्या आयुष्यातल्या बहुतेक कटकटींचं मूळ या एका सवयीत सापडतं.

आगरकरांचा जन्म 1856चा, गाव टेंभू. घरची परिस्थिती इतकी बेताची की कॉलेजात असताना एकुलता एक सदरा रात्री धुऊन सकाळी घालायचा, ही त्यांच्याबद्दलची आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. डेक्कन कॉलेजात टिळक भेटले. दोघांनी सरकारी नोकरी न करता शिक्षणाला वाहून घ्यायचं ठरवलं. मुलगा शिकला की सुखाचे दिवस येतील या आशेवर असलेल्या आईला आगरकरांनी पत्रानं कळवलं की मोठ्या पगाराची वाट पाहू नकोस. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढलं होतं. पुढच्याच वर्षी जानेवारीत ‘मराठा’ आणि ‘केसरी’ सुरू झाले. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर होते, हे आजही पुष्कळांना माहीत नसतं.

पत्र सुरू होऊन वर्ष होतंय तोच खटला उभा राहिला. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे तिथल्या तरुण छत्रपती शिवाजीरावांचा छळ करतात, त्यांना वेडं ठरवायचा डाव आहे, अशी बोलवा होती. पुरावा म्हणून काही पत्रं पुण्यात आली आणि दोन्ही वृत्तपत्रांनी दिवाणावर तोफ डागली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. कोर्टात पत्रं बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, पण फिर्यादी मागे हटले नाहीत. 17 जुलै 1882 रोजी टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईतल्या डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढून दोघं 26 ऑक्टोबरला सुटले. त्या दिवसांवर आगरकरांनी नंतर पुस्तक लिहिलं.

या खटल्याचं वर्णन बहुतेक ठिकाणी निर्भीड पत्रकारितेचा पहिला अध्याय म्हणून येतं. ते खरंच आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं असं की दोन अत्यंत बुद्धिमान तरुणांनी खोटी कागदपत्रं खरी मानली. ती त्यांना खरी वाटली कारण त्यांतला मजकूर त्यांना आधीच पटलेला होता. छत्रपतींबद्दलची काळजी निराधार नव्हती. 1883च्या डिसेंबरात अहमदनगरला एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर शिवाजीराव वारले. म्हणजे संशयाला जागा होती, पुरावा मात्र खोटा होता. रागावलेल्या माणसाला या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणं फार जड जातं.

याच खटल्यातली दुसरी हकीकत जास्त सांगायला हवी. आरोपींना दहा हजार रुपयांच्या जामिनाची गरज होती. तो दिला रामशेठ उरवणे यांनी, आणि त्यामागे होते जोतीराव फुले. पुण्याच्या ब्राह्मणी पुढारपणावर आयुष्यभर कोरडे ओढणारे फुले. चिपळूणकरांनी तर ‘निबंधमाले’त फुल्यांची यथेच्छ टवाळी केलेली, आणि हे दोघं चिपळूणकरांचेच साथीदार. घाऊक हिशेबानं पाहिलं तर फुल्यांनी हात वर करायला हवे होते. त्यांनी हा प्रश्न सुटा पाहिला: कोल्हापूरच्या गादीसाठी दोन माणसं लिहिताहेत आणि तुरुंगात चालली आहेत.

आता थोडं विषयांतर. 2012 साली येल विद्यापीठाचे डॅन काहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना एका निदर्शनाची चित्रफीत दाखवली. निम्म्यांना सांगितलं की हे लोक गर्भपात केंद्रापुढे गर्भपाताच्या विरोधात जमले आहेत. उरलेल्या निम्म्यांना सांगितलं की हे समलिंगी व्यक्तींबाबतच्या लष्कराच्या धोरणाविरुद्ध भरती केंद्रापुढे जमले आहेत. चित्रफीत एकच. प्रश्नही मतांचे नव्हते, डोळ्यांना दिसलेल्या गोष्टींचे होते: निदर्शकांनी वाट अडवली का? धमकावलं का? उत्तरं बघणाऱ्याच्या विचारसरणीप्रमाणे बदलली. आपल्या बाजूचे आहेत असं वाटलं तर शांत निदर्शनं दिसली आणि विरोधी बाजूचे वाटले तर दांडगाई. कोणी खोटं बोलत नव्हतं, प्रत्येकानं आपल्याला दिसलं तेच सांगितलं. कुठल्याही मोर्चाबद्दल ‘मी स्वतः पाहिलंय’ असं ठासून सांगणाऱ्या माणसानं हा प्रयोग खिशात ठेवण्यासारखा आहे. बर्वे प्रकरणातली पत्रं वाचताना पुण्यातल्या दोन संपादकांच्या डोळ्यांचंही बहुधा असंच काही झालं असावं.

तुरुंगानं जवळ आणलेले हे दोन मित्र पुढे पाचेक वर्षांत दुरावले. कारण सामाजिक होतं. ‘केसरी’ चालवणाऱ्या मंडळींना आगरकरांचे सुधारणेचे लेख झेपेनात. 1884 मध्ये समाजसुधारक बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्यावर टिपणं प्रसिद्ध केली होती. त्याच सुमारास मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जायचं त्यांनी नाकारलं, आणि 1887 मध्ये कोर्टानं सांगितलं की जा, नाहीतर तुरुंगात जा. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. टिळकांना हे बंड मान्य नव्हतं. त्या वर्षाच्या अखेरीस आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि 1888च्या ऑक्टोबरात ‘सुधारक’ काढला. पत्राला मराठी आणि इंग्रजी असे दोन भाग होते. इंग्रजी बाजू तरुण गोखल्यांनी सांभाळली.

मग आला संमतीवयाचा वाद. 1890 मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संभोगानं मेली. कायद्यात संमतीचं वय दहा होतं, म्हणून बलात्काराचा गुन्हा लागूच झाला नाही, आणि नवऱ्याला वर्षभराची सक्तमजुरी झाली. त्यानंतर सरकारनं वयाची मर्यादा दहावरून बारावर नेणारं विधेयक आणलं. सरकारतर्फे अँड्र्यू स्कोबल यांनी ते 9 जानेवारी 1891 रोजी मांडलं आणि 19 मार्चला ते मंजूर झालं. मधल्या दहा आठवड्यांत पुण्यात भांडणाशिवाय दुसरं काही पिकलं नाही.

टिळकांचा मुद्दा आज वाचताना वाटतो तितका हास्यास्पद नव्हता. परक्या सरकारनं आपल्या घरात आणि धर्मात कायदा करून शिरू नये, असं ते म्हणत होते. बालविवाह चांगला, असं ते म्हणत नव्हते. उलट कायद्याऐवजी त्यांनी प्रतिज्ञेची कलमं पुढे केली: मुलींची लग्नं सोळा वर्षांआधी आणि मुलांची वीस वर्षांआधी करू नयेत, चाळिशी उलटलेल्या पुरुषानं लग्न करू नये आणि करायचंच तर विधवेशी करावं, हुंडा घेऊ नये, विधवांचं केशवपन करू नये. ज्यांनी सही केली त्यांनाच ती बंधनकारक. म्हणजे सोळा म्हणणारे टिळक बाराच्या कायद्याला विरोध करत होते! हा डावपेच होता की प्रामाणिक मत, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. कलमांचं पुढे फारसं काही झालं नाही. पण टिळकांना निव्वळ सनातनी म्हणून मोडीत काढायचं तर आधी ही कलमं लपवावी लागतात.

टिळक आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची या निमित्तानं शास्त्रार्थावर जुंपली. गर्भाधानाचा विधी नेमका केव्हा, स्मृती काय सांगतात, ते वचन कसं लावायचं. दोघं संस्कृतचे दांडगे पंडित. आगरकरांची दिशा निराळी होती. मुलीच्या शरीराला आणि आयुष्याला इजा होते की नाही, एवढं ठरवायला स्मृती उघडायची गरज काय, असा त्यांचा एकूण पवित्रा होता. चाल वाईट असेल तर ती जुनी आहे एवढ्यावर टिकू नये आणि सरकार परकं असलं तरी चांगला कायदा वाईट ठरत नाही. या शेवटच्या वाक्याची त्या काळी फार मोठी किंमत होती. ते बोलणारा माणूस सरकारधार्जिणा, हे समीकरण तयार होतं. आगरकर राजकीय पारतंत्र्यावरही तितकंच कडक लिहीत आणि तुरुंगवास भोगून आलेले होते. पण समीकरण मांडणाऱ्यांना त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. पुण्याच्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली.

इथे बरेचसे चरित्रकार थांबून हळहळतात. त्याहून लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आगरकरांच्या स्वतःच्या घरात आहे. पत्नी यशोदाबाई व्रतवैकल्यं करणाऱ्या, श्रद्धाळू. देव न मानणाऱ्या नवऱ्यानं त्यांच्यावर नास्तिकपणाची सक्ती केली नाही. बाहेर प्रत्येक रूढीला दंड थोपटून जाब विचारणाऱ्या माणसाला घरातल्या देव्हाऱ्यासमोर गप्प राहता आलं. काहींना यात विसंगती दिसेल. मला यात त्यांच्या विचाराची सर्वात कठीण परीक्षा दिसते, आणि तीत ते उत्तीर्ण झालेले दिसतात.

आगरकरांना देव्हाऱ्यात बसवायचं मात्र कारण नाही. संमतीवय, केशवपन, विधवाविवाह हा वाद बराचसा वरच्या जातींच्या घरातला होता आणि वर्तमानपत्रांच्या स्तंभांतून चालला होता. त्याच सुमारास मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी न्हाव्यांना एकत्र केलं, आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं त्या न्हाव्यांनी जाहीर केलं. संप मजुरीसाठी नव्हता. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला, आणि तोही स्वतःच्या जातीतल्या बायकांसाठी नव्हे. निषेधाच्या इतिहासात यापेक्षा देखणी कल्पना क्वचितच सापडेल. पण आगरकर-टिळक वादाच्या पुस्तकांत तिला जेमतेम एखादी ओळ मिळते. कुणाचा वाद हा ‘वाद’ म्हणून गणला जातो, हेही घाऊक बाजारातच ठरतं.

1892 मध्ये फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य वामन शिवराम आपटे वारले आणि त्यांच्या जागी आगरकर प्राचार्य झाले. टिळकांनी कॉलेज चालवणारी संस्था 1890 मध्येच सोडली होती. त्यांच्या जागी गणित शिकवायला 1891 मध्ये धोंडो केशव कर्वे आले, आणि दोन वर्षांनी त्यांनी विधवेशी लग्न केलं. आगरकरांचा दमा बळावत गेला. 17 जून 1895 रोजी ते गेले, तेव्हा वयाची चाळिशीही झाली नव्हती. अंत्यविधीचा भार कुणावर नको म्हणून त्यांनी पैशाची पुरचुंडी आधीच बाजूला ठेवली होती, असं सांगतात. ‘केसरी’तला मृत्युलेख टिळकांनी लिहिला.

आणखी दोन वर्षांनी आगरकरांचे सहकारी गोखले यांच्यावर तशीच वेळ आली. 1897, प्लेगचं वर्ष. घरं तपासणाऱ्या गोऱ्या सोजिरांबद्दल पुण्यात संताप होता. 22 जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग कमिटीचे प्रमुख रँड यांच्यावर गोळी झाडली. गोखले तेव्हा हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेत गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात सांगितलं की सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केले आणि एकीनं जीव दिला. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. पत्रं लिहिणाऱ्यांपैकी कोणी पुढे येईना. गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली.

डोंगरी आणि हा प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. दोन्हीकडे विश्वासू वाटलेली पत्रं, दोन्हीकडे सिद्ध न झालेले आरोप, दोन्हीकडे माफी. पण 1882 मध्ये तुरुंगातून सुटलेल्यांचे सत्कार झाले आणि 1897 मध्ये गोखल्यांना भेकड ठरवलं गेलं. फरक माफीत नव्हता. एकदा माफीनंतर शिक्षा झाली आणि दुसऱ्यांदा झाली नाही, एवढाच तो होता. सोजिरांच्या वागण्याबद्दलच्या तक्रारी साऱ्या खोट्या होत्या असंही नाही. त्या गोखल्यांना सिद्ध करता आल्या नाहीत. जे सिद्ध करता येत नाही ते मागे घ्यायचं, इतका साधा नियम त्यांनी पाळला, आणि त्यांच्याच बाजूच्या लोकांनी तो कधी विसरू दिला नाही. विरोधकाला चूक म्हणणं कुणालाही जमतं. ‘आपण चुकलो’ हे वाक्य आपल्याच लोकांत उभं राहून म्हणायचं म्हणजे अंगावर काटा येतो.

स्वतंत्र विचार म्हणजे मधोमध उभं राहणं, असाही गैरसमज आहे. संमतीवयाच्या वादात मधोमध म्हणजे कुठे? अकरा वर्षं? आगरकर मध्ये नव्हते, एका टोकाला होते. फुलेही टोकाला होते. त्यांचं वेगळेपण त्यांच्या जागेत नव्हतं. प्रत्येक प्रश्नाला नवा कागद घ्यायचा, मागच्या प्रश्नाचं उत्तर त्यावर उतरवून काढायचं नाही, या कामाच्या पद्धतीत ते होतं. ‘दोन्ही बाजू सारख्याच वाईट’ म्हणणारा माणूसही शेवटी एक तयार पोतंच विकत घेतो. त्यावर शिक्का तेवढा वेगळा असतो.

नवा कागद घेण्याची ही पद्धत पुढच्या शतकातही दिसली. 1975च्या डिसेंबरात 51वं मराठी साहित्य संमेलन भरलं. देशात आणीबाणी होती, वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता, जयप्रकाश नारायण नुकतेच अटकेतून सुटून मुंबईत मूत्रपिंडाच्या आजाराशी झगडत होते. अध्यक्षस्थानी दुर्गा भागवत होत्या. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण केंद्रात परराष्ट्रमंत्री. दुर्गाबाई लोकसंस्कृतीच्या अभ्यासक, ग्रंथालयात रमणाऱ्या, कुठल्याही पक्षाच्या नव्हेत. त्यांनी भर मांडवात जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सर्वांना उभं राहायला सांगितलं. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. 1977च्या निवडणुकीत त्यांनी आणीबाणी लादणाऱ्यांच्या विरोधात सभा घेतल्या, आणि नवं सरकार आल्यावर त्या पुन्हा आपल्या पुस्तकांकडे गेल्या.

ते संमेलन कराडला झालं होतं. आगरकरांचं टेंभू तिथून जवळच, कराड तालुक्यात, कृष्णेच्या काठी आहे.